न कळलेलं सांगा, मग भाकरी

आमच्या मेसमध्ये नवं पोरगं जेवायला बसलं की त्याची फजिती ठरलेली असायची. ताट समोर, आमटीचा वास नाकात, आणि शालन तव्यावरची भाकरी हातात धरून डोक्यावर उभी. भाकरी काही ताटात पडायची नाही.

"काय रं, आज कालेजात काय कळलं न्हाई?"

"सगळं कळलं, काकू."

"सगळं? मग हितं कशाला बसलास? जा, तुझ्या सरांची शिकवणी घे जा."

जुनी पोरं ताटात बघून हसायची. नवं पोरगं कानापर्यंत लाल. मग कधीतरी तोंड उघडायचं, की काकू, आज अमुक एक डोक्यावरून गेलं. लगेच भाकरी ताटात. आणि ओळीत ज्याला ते येत असेल त्यानं दुसरी भाकरी भाजून होईपर्यंत त्याला समजावून सांगायचं. कुणालाच येत नसलं तर दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारून यायचं. हा आमच्या मेसचा कायदा. कुपवाडच्या रस्त्याला पत्र्याची मेस आमची. आटपाडी, जत, शिराळ्याकडची पोरंपोरी सांगलीत शिकायला यायची, ती आमच्याकडं जेवायची.

शालन माझी बायको. गेल्या वर्षी ती गेली. मी फौंड्रीत मोल्डर होतो, ओतकामाचे वाळूचे साचे करायचो, सातवी शिकलोय. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं म्हणतात. मला ते जमणार नाही आणि तिलाही ते खपलं नसतं. ती तोंडाळ होती. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायची आणि सापडत नाही म्हणून माझ्यावर ओरडायची. आमटीत मीठ कमी पडलं असं कुणी म्हटलं तर त्याच्या जिभेचा दोष काढायची. आता घरात कुणी ओरडत नाही, आणि त्या शांततेचा मला लय वैताग येतो. एवढंच माझ्याबद्दल. बाकी तिचंच सांगतो.

कायदा तिनं उगाच केला नव्हता. मेस सुरू केली तेव्हा पोरं जेवताना एकमेकांना मार्क विचारायची. ज्याला कमी पडले ते पोरगं दुसऱ्या दिवसापासून उशिरा यायचं, सगळे उठून गेल्यावर. शालननं ते हेरलं. मला म्हणाली, "आवं, भुकेलं पोरगं कवा उशिरा येतं का? ह्येचं काय तरी बिनसलंय." दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, की माझ्या पंगतीत मार्काचं नाव काढलं त्याचं कालवण बंद. कळलं नाही ते सांगायचं. कळलं नाही असं सगळेच सांगायला लागले, मग कुणाला कशाची लाज राहिली नाही. उशिरा येणारी पोरं वेळेवर यायला लागली.

त्या ओळीत सुजाता नावाची एक पोरगी होती, जैनांची, मिरजेकडच्या खेड्यातली, बी.ए.ला होती. तिच्यासाठी शालन कांदा-लसूण न घातलेली भाजी वेगळ्या पातेल्यात करायची. पोरगी बोलायला गरीब, पण एक दिवस तिनं ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "काकू, रोज आम्हाला विचारता. तुम्हाला आज काय कळलं नाही?"

शालनच्या हातात भाकरी तशीच राहिली. तिचं लग्न झालं तेव्हा ती नववीत होती. औंधजवळच्या आमच्या गावात आली आणि तिचं दप्तर सुटलं ते सुटलं. ती म्हणाली, "मला न कळायला मी शिकते कुठं, बया?"

तेवढ्यावर ते राहिलं असतं. पण त्या आठवड्यात ती भाकऱ्या करपवायला लागली. मी म्हटलं, "काय झालंय तुला?" तर म्हणाली, "मला बी.ए. व्हायचंय." असं, जसं कुणी म्हणावं मला मिरजेला जायचंय. मी म्हटलं, "हो की मग." मी अडवलं नाही, ढकललंही नाही. सुजाता तिला घेऊन मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर गेली. बारावी नसली तरी तयारीची एक परीक्षा देऊन पदवीला बसता येत होतं. ती परीक्षा शालन पास झाली आणि मग घरात पुस्तकं आली.

तिचा अभ्यास दुपारचा. पंगत उठली, भांडी झाली, की परातीपुढं पाट घेऊन बसायची. संध्याकाळचं पीठ मळता मळता पुस्तक भिंतीला टेकवून वाचायची. पान उलटायला हात धुवायचा तिला कंटाळा. सगळ्या पुस्तकांत पीठ गेलं. एकदा अर्थशास्त्राच्या पुस्तकातून पिठातला किडा निघाला, तर म्हणाली, "बघा, ह्येलाबी अर्थशास्त्र आवडलं." वाचलेलं लक्षात राहतंय का बघायला ती कुणाला तरी सांगायची. कुणी नसलं की मला. मी फौंड्रीतून आलेलो, अंगाला वाळू, आणि ही मला राज्यघटना सांगतीय. मी डुलकी काढली की म्हणायची, "डोळं झाकून ऐका, पण ऐका."

वर्ग असायचा रविवारी. केंद्रावर एक मोठा हॉल. एसटीचे कंडक्टर, अंगणवाडीच्या बाया, एक पोलीस हवालदार, असले सगळे आठवडाभर राबून आलेले विद्यार्थी. सर पुढं बोलत राहायचे, मागं निम्मी माणसं पेंगायची. पहिल्याच महिन्यात शालन मध्येच उठून उभी राहिली.

"सर, कळलं न्हाई."

"कुठलं?"

"मघापास्नंचं सगळं."

हॉल हसला. सर चांगला माणूस. ते म्हणाले, "मग एवढा वेळ गप्प का बसलात?"

"तुमी मधी थांबतच न्हाई की."

सर थांबले. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि सांगताना विचारत गेले. बाहेर चहाच्या गाड्यावर तो हवालदार तिला म्हणाला, "ताई, बरं झालं विचारलंत. मलाबी काय समजलं नव्हतं." शालन म्हणाली, "तुमी चोर धरता न्हवं? आन् हात वर करायला भेता?" घरी येऊन हे तिनं मला हवालदाराच्या आवाजात करून दाखवलं.

आता दत्ताचं सांगतो. दत्ता आटपाडीकडचा, इंजिनिअरिंगला. गावच्या शाळेत कायम पहिला आलेला. इथं भल्या मोठ्या वर्गात मागच्या बाकावर बसला, पडद्यावर भराभर सरकणारं इंग्रजी त्याला झेपलं नाही, आणि विषय राहिले. मग तो आमच्याकडं उशिरा यायला लागला, आणि एक दिवस यायचाच बंद झाला. मी डबा घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. दार किलकिलं करून "ठेवा काका" म्हणाला. खोलीत दुपारचा अंधार करून बसलेला. मी घरी येऊन सांगितलं, "पोरगं बरं दिसत न्हाई." शालननं परातीवर फडकं टाकलं, पुस्तक उचललं आणि चप्पल घालून निघाली. मीही मागं.

मला वाटलं समजूत घालंल. तिनं काहीच विचारलं नाही. पुस्तक उघडून त्याच्यापुढं धरलं. "दत्ता, ही मागणीची रेघ मला कळंना झालीय. परीक्षा हाय रविवारी. सांग."

त्यात असं होतं, की मालाचा भाव वाढला की गिऱ्हाईक कमी घेतं, म्हणून रेघ उतरती. दत्तानं बघितलं. रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "काकू, ह्यात भाव उभ्या रेषेवर दाखवलाय. तो आडव्या रेषेवर पाहिजे. जे आधी बदलतं ते आडवं घ्यायचं असतं. ही छापायची चूक हाय." आणि त्यानं तिला सगळं आडव्याचं उभं करून शिकवलं. शालननं तसंच पाठ केलं, आणि रविवारी चाचणीत तसंच काढून आली. सरांनी लाल फुली मारली.

ती तशीच दत्ताच्या खोलीवर गेली. "तुझ्यापायी माझी फुली झाली. सर म्हणत्यात पुस्तक बरोबर हाय."

"चूक हाय ते, काकू!" पोरगं ताडकन उठलं. गेले कित्येक दिवस त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि आता खोलीबाहेर ऐकू जाईल असा ओरडला. "कुठल्याबी गणिताच्या पुस्तकात बघा!"

"मला काय सांगतोस? माझी फुली झालीय. सरांना सांग."

पुढच्या रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दत्ता तिच्याबरोबर केंद्रावर गेला. मी बाहेर कट्ट्यावर. आतून दोघांचा, सरांचा आणि दत्ताचा, वाद ऐकू येत होता. फळ्यावर रेघा काढून खोडल्या, पुन्हा काढल्या. शेवटी सर म्हणाले, की बाबा, तुझ्या विषयात तू म्हणतोस तसंच घेतात, पण अर्थशास्त्रात पहिल्यापासून भाव उभ्या रेषेवर घ्यायचा रिवाज आहे. तू चुकीचा नाहीस. फुली मात्र राहील, कारण पेपर अर्थशास्त्राचा आहे.

बाहेर आला तेव्हा पोरगं हसत होतं. शालन म्हणाली, "म्हंजे तूबी बरोबर आन् सरबी बरोबर. आन् फुली मला. वा रं गड्या!" त्या दुपारी दत्ता पंगतीत वेळेवर बसला. तिनं विचारायच्या आधीच त्यानं काय काय कळलं नाही ते सांगायला सुरुवात केली. ते संपेचना. शेवटी शालन म्हणाली, "आरं, तेवढं पीठ न्हाई घरात." राहिलेले विषय त्यानं एकेक करून काढले. आता पुण्याला कंपनीत आहे.

मग लॉकडाऊन आला. पोरं गावाला गेली, मेस बंद, आणि शालनचा वर्ग फोनवर. फोन पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवायचा. सरांनी हजेरी घेतली की ही उभी राहायची. शाळेपासूनची सवय, सरांनी नाव घेतलं की उभं राहायचं. सगळ्या वर्गाला हिच्या साडीच्या निऱ्या तेवढ्या दिसायच्या. सर म्हणायचे, "काकू, बसा, तोंड दिसत नाही." ही म्हणायची, "बसून हजेरी कशी द्यायची?" आणि पुढच्या वर्गाला पुन्हा उभी.

फोनवरचं शिक्षण तिला पचलं नाही. म्हणायची, "सरांना आपलं तोंड दिसत न्हाई, आपल्याला शेजारणीचं दिसत न्हाई. कळलंय का न्हाई हे कुणाच्या तोंडाकडं बघून ठरवायचं?" मेसच्या पोरांची तिला त्याहून काळजी. गावाकडं रानात, गच्चीवर, जिथं रेंज मिळेल तिथं एकेकटी बसून शिकत होती. सुजाताचा फोन आला, तर पोरगी नीट जेवतही नव्हती. त्या दिवसापासून दुपारी जेवायच्या वेळेला शालननं सगळ्यांना एकदम फोन लावायला सुरुवात केली. सुजातानंच ते लावायचं शिकवलं. प्रत्येकानं आपापल्या घरी ताट घेऊन बसायचं आणि ताट फोनला दाखवायचं. मग एकेकानं आपलं न कळलेलं सांगायचं. मागून कुणाची म्हैस ओरडतीय, कुणाची आई विचारतीय "कोण रं ती बाई?" पोरांच्या आयाही मग बसायला लागल्या. आटपाडीची दत्ताची आई एक दिवस म्हणाली, "काकू, मला ते जीएसटी काय असतंय ते कळलं न्हाई." शालन म्हणाली, "हां! ही खरी माझी लेक." दोघी एकाच वयाच्या.

दुसरं वर्ष असं निघालं. मेस पुन्हा उघडली, तिसऱ्या वर्षाची पुस्तकं आली, आणि त्याच सुमाराला तिच्या पोटात गाठ निघाली. मेस शेजारच्या बाईकडं दिली, कायद्यासकट. आम्ही साताऱ्याला लेकीकडं, मंगलकडं गेलो, कारण औषधपाणी तिथं सोयीचं. शालननं दवाखान्याची फाईल व्हायच्या आधी केंद्र बदलून घेतलं. मंगल चिडली. "आई, आता कशाला? पदवी घेऊन काय करणार तू?"

"काय करणार? बी.ए. होणार."

त्यानंतर मंगलनं विचारलं नाही. शालनची एवढी एकच ओढ होती. औषधानं केस गेले तेव्हा तिनं आरसा मागितला नाही, पेपरांचं वेळापत्रक मागितलं.

साताऱ्याच्या केंद्रावर एक तरुण मॅडम होत्या. त्यांची पद्धत निराळी. धडा व्हिडिओत करून पाठवायच्या, तो घरी बघायचा आणि रविवारी वर्गात गोल बसून आपापसात प्रश्न सोडवायचे. मॅडम मधून फिरणार. लोक कुरकुरले. एकजण म्हणाला, "मॅडम, शिकवायचं तुम्ही का आम्ही?" शालन घरी आली ती चालताना धाप लागलेली, पण तोंड फुललेलं. "आवं, ही तर आपली मेस हाय! भाकरी तेवढी न्हाई."

भाकरीचंही तिनं केलं. कोरेगाव, मेढ्याकडनं पहाटेची एसटी धरून येणाऱ्या पोरी न खाता यायच्या. एकीला वर्गात घेरी आली. पुढच्या रविवारी शालननं मंगलला भाकऱ्या करायला लावल्या, स्वतः ठेचा कुटला आणि फडक्यात बांधून घेऊन गेली. मॅडमना म्हणाली, "आधी खाऊ द्या, मग शिकू द्या. उपाशी डोक्यात काय शिरतंय?" मॅडमनी तेव्हापासून वर्गाचा पहिला थोडा वेळ खाण्यालाच ठेवला. ज्याचं त्यानं आणायचं, मधी ठेवायचं. खाता खाता आठवड्यातलं अडलेलं बोलायचं. माणसं रविवार चुकवेनाशी झाली. मॅडम मला एकदा म्हणाल्या, "काका, आमच्या पद्धतीला मोठं इंग्रजी नाव आहे. काकूंनी ते न वाचताच चालवलंय." मी शालनला सांगितलं. ती म्हणाली, "त्येनला म्हणावं, ठेचा वाचून व्हत न्हाई."

परीक्षा जवळ आली. तिनं डॉक्टरांना तोंडावर विचारलं, "मी पेपरला बसू शकीन का? खरं सांगा, गोड नको." डॉक्टर म्हणाले, औषधाचे दिवस आपण पेपरच्या मागंपुढं लावू, पण दमलात तर उठायचं. तिनं हो म्हटलं. ती उठणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, मला होतं. हात थरथरायचा म्हणून केंद्रानं लिहायला माणूस देतो म्हटलं. ती म्हणाली, "माझं मला लिहू द्या. दुसऱ्याच्या हातानं मला सुचायचं न्हाई."

निकाल लागला तेव्हा ती होती. मंगलच्या फोनवर बघितला. पास, दुसरा वर्ग. दिवसभर फोन वाजत राहिला, सांगलीहून, आटपाडीहून, पुण्याहून. प्रत्येकाला ती एकच सांगायची, "पेढे तुमीच घेऊन या, मी आजारी हाय." आणि आणलेले पेढे आलेल्यांना दटावून खायला घालायची. सर्वांदेखत मला म्हणाली, "आता नावापुढं बी.ए. लावून हाक मारा." मी मारली. सगळे हसले. ती जास्त हसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली. दवाखान्यातली शालन मी कुणाला सांगणार नाही. ती माझ्यापाशी राहील. इतरांना सांगायची ती शेवटच्या पेपरची.

तो हॉल तळमजल्यावर होता. मी बाहेर खिडकीपाशी पाण्याची बाटली धरून उभा होतो, कारण तिला काही झालं तर आत पळायचं असं मंगलनं बजावलं होतं. आत ती डोक्याला स्कार्फ बांधून बसलेली, बाकावर पुढं वाकून. थोडं लिहायची, हात झटकायची, पुन्हा लिहायची. आजूबाजूची तरुण पोरं पेपर देऊन उठायला लागली. बाक रिकामे होत गेले. आता हीही उठेल म्हणून मी दाराकडं निघालो. तेवढ्यात तिचा आवाज आला, मेसमध्ये यायचा तसला, खणखणीत.

"ओ बाई, पुरवणी द्या."

पर्यवेक्षक बाई तरुण होत्या. घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "मावशी, अहो वेळ संपत आलीय."

"मग लवकर द्या की."